'अप्रीती' : एका शब्दाचा कायदेशीर इतिहास

फौजदारी कायदा हा स्वभावाने व्यवहारी आहे. चोरी झाली की नाही, जखम कोणी केली, दस्तऐवजावरील सही खरी की खोटी, असे प्रश्न तो विचारतो. कारण त्यांची उत्तरे साक्षीपुराव्याने मिळू शकतात. आरोपीच्या हेतूचा विचार तो करतो खरा, परंतु तो घडलेल्या कृत्याच्या अनुषंगाने. एकाच्या मनात दुसऱ्याविषयी प्रेम आहे की नाही, ही चौकशी त्याने संतांकडे आणि कवींकडे सोपविलेली आहे. हिंदुस्थानच्या दंडसंहितेत मात्र हा नियम मोडणारे एक कलम होते. प्रजेच्या मनात सरकारविषयी 'अप्रीती' उत्पन्न करणे हा त्या कलमाने गुन्हा ठरविला, आणि त्यासाठी आजन्म काळ्या पाण्यापर्यंतची शिक्षा सांगितली. १८७० साली जन्मलेले हे कलम १२४-अ, १ जुलै २०२४ रोजी जुनी दंडसंहिताच रद्द झाली तेव्हा कायद्याच्या पुस्तकातून गेले.

भाषणस्वातंत्र्याला मर्यादा असाव्यात की नसाव्यात, हा वाद येथे घालावयाचा नाही. मर्यादा असतातच. अब्रूनुकसानी, न्यायालयाचा अवमान, दंग्याला चिथावणी या गोष्टी कोणत्याही सुव्यवस्थित राज्याने मोकळ्या सोडलेल्या नाहीत. खरा प्रश्न असा की, मर्यादेची रेघ ओढावयाची कोठे? ऐकणाऱ्याच्या मनातील भावनेवर, की त्या भावनेतून उद्भवणाऱ्या कृत्यावर? या प्रश्नाचे उत्तर आपल्या न्यायालयांनी दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. त्या बदलांची हकीकत मराठी वाचकाला विशेष जवळची आहे. कारण त्यातील मोठे खटले मुंबईच्या हायकोर्टात चालले, आणि ज्या शब्दांवर ते चालले ते शब्द मराठी होते.

कलमाचा जन्म

मेकॉले यांच्या विधि-आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा जो मसुदा तयार केला, त्यात अशा गुन्ह्याचे एक कलम होते. १८६० साली संहिता मंजूर झाली तेव्हा मात्र ते तिच्यात आले नाही. पुढे दहा वर्षांनी, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेखात्याचे सभासद असताना, ही उणीव भरून काढण्यात आली. मूळ इंग्रजी शब्द 'डिसअफेक्शन' हा होता. त्याला जोडलेल्या स्पष्टीकरणात असे म्हटले होते की, सरकारच्या एखाद्या उपायाविषयी नापसंती दाखविणे म्हणजे अप्रीती नव्हे. मात्र ती नापसंती दाखविणाऱ्याची वृत्ती कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याची असली पाहिजे. म्हणजे नापसंती निर्दोष आणि अप्रीती सदोष. कागदावर हा भेद सुबक दिसतो. परंतु ज्या माणसाला सरकारचे दहा उपाय लागोपाठ नापसंत आहेत, त्याच्या मनात सरकारविषयी प्रीती उरते काय, आणि उरत नसेल तर तो अकराव्या उपायावर लिहिताना कोणत्या कोठ्यात बसतो, याचे उत्तर कलमात नव्हते.

याच काळात भाषेनुसार न्याय करण्याचाही एक प्रयोग झाला. लॉर्ड लिटन यांनी १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी वेगळा दडपशाहीचा कायदा केला. तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. तीच टीका इंग्रजीत केली तर चालावी आणि मराठीत किंवा बंगालीत केली तर छापखाना धोक्यात यावा, असा त्याचा अर्थ होता. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत, १८८२ साली, तो रद्द झाला. परंतु देशी भाषेत लिहिलेले अधिक धोकादायक, ही समजूत त्याच्याबरोबर गेली नाही.

कलम १२४-अ खाली पहिला नावाजलेला खटला १८९१ साली कलकत्त्यास 'बंगबासी' पत्रावर झाला. संमतिवयाच्या कायद्यावर त्या पत्राने कडक लेख लिहिले होते. मुख्य न्यायाधीश पेथरॅम यांनी ज्यूरीला सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीच्या उलट असलेली भावना, नावड किंवा द्वेष. ज्यूरीचे एकमत झाले नाही, आणि पुढे माफीवर प्रकरण मिटले. शब्दाचा अर्थ कोणता, हा प्रश्न मुंबईसाठी शिल्लक राहिला.

१८९७ : स्ट्रेची यांची व्याख्या

१८९७ साली पुण्यात प्लेग होता, आणि प्लेगइतकीच घरतपासणीच्या सोजिरांची दहशत होती. १५ जूनच्या 'केसरी'त शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तांत आला. त्यात शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती, आणि अफझलखानाच्या वधाचे समर्थन करणाऱ्या भाषणाचा गोषवाराही होता. २२ जूनच्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लेख आणि खून यांमध्ये एका आठवड्याचे अंतर होते. सरकारच्या दृष्टीने एवढे अंतर पुरेसे बोलके होते. मात्र खुनाच्या कटाचा आरोप टिळकांवर ठेवण्यात आला नाही. आरोप अप्रीतीचा ठेवण्यात आला. ज्याला पुरावा लागतो तो आरोप बाजूला ठेवून ज्याला केवळ वाचन लागते तो आरोप निवडणे, ही या कलमाची सोय प्रथम येथे स्पष्ट दिसली.

खटला न्यायमूर्ती आर्थर स्ट्रेची यांच्यापुढे सप्टेंबरात चालला. ज्यूरीला कायदा समजावून सांगताना त्यांनी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ केला. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सर्व प्रकारचा दुर्भाव त्यात येतो. त्याचे प्रमाण किती हे पाहण्याचे कारण नाही. लेखामुळे कोठे दंगा झाला की नाही हाही प्रश्न गैरलागू आहे, असे त्यांनी बजावले. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी गृहस्थ होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोषी म्हटले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलने अपिलास परवानगी नाकारली.

'प्रीतीचा अभाव' या अर्थाचा परिणाम काय, ते नीट पाहावे. प्रीतीचा अभाव ही मनुष्याची बहुतेक सर्व गोष्टींविषयीची साधारण स्थिती आहे. कारकुनाला कचेरीविषयी, कुळाला सावकाराविषयी आणि पक्षकाराला त्याच्या वकिलाविषयीही प्रीती असतेच असे नाही. जो अभाव सर्वत्र आहे तो गुन्हा ठरला की, खटला कोणावर भरावयाचा हे ठरविणे कायद्याच्या हातून सुटते आणि सरकारच्या मर्जीवर जाते. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, कलमाची फेररचना झाली. 'द्वेष किंवा तिरस्कार' हे शब्द त्यात आले, अप्रीतीत बेइमानी आणि सर्व प्रकारचे वैर यांचा समावेश होतो असे स्पष्ट लिहिले गेले, आणि निरनिराळ्या समाजांत वैर पसरविण्यासंबंधीचे कलम १५३-अ हेही त्याच वेळी संहितेत शिरले. न्यायाधीशाने केलेला विस्तार अशा रीतीने विधिमंडळाच्या शिक्क्याने पक्का झाला.

१९०८ : भाषांतरावर उभा राहिलेला खटला

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फुटला. त्यानंतर 'केसरी'त १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख आले. बाँब हा निंद्य आहे, परंतु तो दडपशाहीचा परिणाम आहे, आणि आणखी दडपशाही हा त्यावरील इलाज नव्हे, असा त्यांचा रोख होता. टिळकांना पुन्हा पकडण्यात आले. याच सुमारास 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही राजद्रोहाबद्दल एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली.

टिळकांचा खटला न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे आला. हेच दावर १८९७ साली वकील या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला होता. १९०८ साली जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिना यांनी चालविला, आणि दावर यांनी तो फेटाळला. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. लेख मराठी, ज्यूरीतील बहुसंख्यांना मराठी येत नाही, आणि पुरावा म्हणून पुढे ठेवलेले ते सरकारी भाषांतर, अशी ती परिस्थिती होती.

टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. एकवीस तासांहून अधिक काळ ते बोलले. त्यातील पुष्कळ भाग राजकारणाचा नाही, भाषेचा आहे. भाषांतरात लेखांचा विपर्यास झाला आहे. इंग्रजी राज्यशास्त्रातील कल्पना मांडण्यासाठी मराठी अजून शब्द घडवीत आहे. अशा शब्दाला कोशातील सर्वांत कठोर प्रतिशब्द लावला म्हणजे लेखकाने न केलेला गुन्हा भाषांतरकार करतो, असा त्यांचा मुद्दा होता. वकिलाच्या दृष्टीने मला हा मुद्दा त्या खटल्यातील सर्वांत मोलाचा वाटतो. सुरा तपासणाऱ्या साक्षीदाराचा सुऱ्याशी संबंध नसतो. शब्द तपासणारा मात्र तपासता तपासता तो पुन्हा घडवीत असतो. आणि गुन्हा जेव्हा केवळ भावनेचा असतो, तेव्हा त्या घडविलेल्या शब्दाला अडविणारी दुसरी वस्तू, म्हणजे घडलेले कृत्य, पुराव्यात नसतेच.

निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड. शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळकांनी न्यायालयाहून श्रेष्ठ असलेल्या शक्तींचा जो उल्लेख केला, तो पुढे त्याच न्यायालयात संगमरवरावर कोरण्यात आला. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्या शिलालेखाचे अनावरण झाले. दोषी ठरविणाऱ्या संस्थेनेच आरोपीचे शब्द आपल्या भिंतीवर लावावेत, असे प्रसंग न्यायालयांच्या इतिहासात फार नाहीत.

बेळगाव, अहमदाबाद आणि संस्थाने

सीमाभागातील वाचकांस पुढील हकीकत आपल्या घरची वाटेल. १ मे १९१६ रोजी टिळकांनी बेळगाव येथे स्वराज्यावर भाषण केले, आणि महिन्याभराने अहमदनगर येथे दोन भाषणे केली. देव आणि पुजारी यांचा दृष्टांत देऊन त्यांनी सांगितले की, आमची तक्रार देवाविषयी नाही, पुजारी बदला एवढेच आमचे म्हणणे आहे. बादशहा आणि नोकरशाही यांतील हा भेद कायद्याच्या कलमावर नजर ठेवून केलेला होता, हे उघड आहे. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात पुन्हा जिना उभे राहिले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि शाह यांनी तो हुकूम रद्द केला. भाषण तुकड्या-तुकड्यांनी वाचावयाचे नाही. त्यातील एखाददुसरे वाक्य बोचरे असले तरी संपूर्ण भाषणाचा ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम पाहावयाचा, हे तत्त्व त्यांनी लावले. कलम तेच, आरोपी तोच, न्यायालयही तेच. वाचनाची रीत बदलली आणि निकाल बदलला.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस गांधीजींचा खटला चालला. त्यांनी गुन्हा कबूल केला, आणि प्रीती ही कायद्याने निर्माण करता येत नाही आणि तिचे नियमनही करता येत नाही, हे साध्या शब्दांत सांगितले. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन तितकीच, म्हणजे सहा वर्षांची, शिक्षा दिली. पंचवीस वर्षांपूर्वी स्ट्रेची यांनी शब्दाला जो अर्थ दिला होता, त्याचे याहून नेमके खंडन कोणा कायदेपंडिताने केलेले नाही.

त्याच वर्षी हा शब्द एका नव्या घरी नांदावयास गेला. १९१० चा वृत्तपत्र-कायदा १९२२ साली रद्द झाला. त्याने संस्थानिकांना मिळणारे संरक्षणही गेले. तेव्हा ब्रिटिश मुलुखातील पत्रांनी राजेरजवाड्यांविषयी अप्रीती पसरवू नये म्हणून वेगळे विधेयक आले. मध्यवर्ती विधिमंडळाने ते मांडण्यासच नकार दिला. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात ते मंजूर केले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील कारभारावर पुण्यामुंबईच्या पत्रांत लिहिणाऱ्याच्या डोक्यावर आता दुहेरी तलवार होती : एक इंग्रजाची, दुसरी महाराजांची. कायद्याच्या नावातच 'अप्रीती' हा शब्द होता.

गोव्यातील दुसरी पद्धत

ब्रिटिश हिंदुस्थानातील पद्धत अशी की, आधी बोलू द्यावयाचे आणि मग शिक्षा करावयाची. गोव्यातील पोर्तुगीज अमलाने याच्या उलट पद्धत चालविली. १९३३ च्या पोर्तुगीज संविधानाच्या आठव्या कलमात मतप्रदर्शनाचे स्वातंत्र्य लिहिलेले होते. परंतु त्याचा वापर खास कायद्यांनी नियंत्रित होईल, असेही तेथेच लिहिलेले होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पूर्वतपासणीचा हुकूम निघाला. छापण्यापूर्वी मजकूर सेन्सॉरकडे जावयाचा. या पद्धतीत खटला भरावा लागत नाही, ज्यूरी लागत नाही, शब्दाची व्याख्याही लागत नाही. जे छापलेच गेले नाही त्याबद्दल उद्या कोणी ग्रंथ लिहू शकत नाही. टिळकांच्या खटल्याचे कामकाज शब्दशः उपलब्ध आहे. सेन्सॉरने खोडलेल्या ओळींना असा वारसा नसतो.

बोललेल्या शब्दाची पूर्वतपासणी मात्र होऊ शकत नाही. तेथे तुरुंग होता. १९४६ साली डॉ. राम मनोहर लोहिया यांनी मडगावला सभाबंदी मोडली. त्यानंतर त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात पाठविले. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीत गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे असे उद्गार निघाले, तेव्हा शल्यवैद्य डॉ. पुंडलीक गायतोंडे यांनी 'माझा निषेध आहे' एवढेच म्हटले. त्यांना अटक करून लिस्बनला नेण्यात आले. पोर्तुगीज भाषेत ते अवघे दोन शब्द होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी हा अंमल संपला, आणि पुढे भारताची दंडसंहिता गोव्यास लागू झाली. तिच्याबरोबर कलम १२४-अ हेही आले.

संविधानाने गाळलेला शब्द

१९४२ साली फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी निहारेंदु दत्त मजुमदार यांच्या खटल्यात रेघ प्रथमच भावनेवरून कृत्याकडे सरकविली. सार्वजनिक अव्यवस्था, किंवा ती होईल अशी वाजवी भीती, हे या गुन्ह्याचे सार आहे. दुखावलेल्या सरकारची समजूत घालण्यासाठी हे कलम नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. हे फार दिवस टिकले नाही. मुंबई इलाख्यातून गेलेल्या सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९४७ साली ग्वायर यांचे मत चुकीचे ठरविले आणि टिळकांच्या खटल्यातील जुना अर्थ पुन्हा गादीवर बसविला. स्वातंत्र्य काही महिन्यांवर आले असताना लंडनने आपल्याला दिलेला हा निरोपाचा नजराणा होता.

घटना समितीपुढे आलेल्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांमध्ये राजद्रोह हा शब्द होता. कन्हैयालाल मुन्शी यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तो गाळण्याची सूचना मांडली. सरकारवरील टीका हा लोकशाहीचा प्राण आहे, आणि पक्षराज्यात सरकार बदलण्याचा आग्रह धरणे हे विरोधकाचे कामच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शब्द गाळला गेला. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. मुंबईत निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारने केलेली बंदी एकाने रद्द झाली, आणि दिल्लीतील 'ऑर्गनायझर'वर लादलेली पूर्वतपासणी दुसऱ्याने रद्द झाली. एक पत्र डाव्यांचे, दुसरे उजव्यांचे, तत्त्व एकच. राज्याची सुरक्षितता धोक्यात येत नसेल तर नुसत्या 'सार्वजनिक शांतते'च्या नावाखाली तोंड बंद करता येणार नाही, असे न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी बहुमताने सांगितले, आणि राजद्रोह हा शब्द घटनेतून गाळल्याची आठवणही करून दिली.

सरकारने याला वर्षभरात उत्तर दिले. जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अपवादांत 'सार्वजनिक सुव्यवस्था', 'गुन्ह्याला चिथावणी' आणि 'परराष्ट्रांशी मित्रसंबंध' यांची भर पडली. परंतु त्याच दुरुस्तीने निर्बंध 'वाजवी' असला पाहिजे, ही अटही घातली. या एका विशेषणामुळे निर्बंधाची तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयांकडे राहिला. संसदेने दार अरुंद केले, पण किल्ली न्यायाधीशांकडे ठेवली, असे म्हणता येईल.

केदारनाथ आणि त्यानंतर

दरम्यान पंजाब आणि अलाहाबाद येथील हायकोर्टांनी कलम १२४-अ घटनाबाह्य ठरविले होते. अखेरचा निर्णय २० जानेवारी १९६२ रोजी लागला. बिहारमधील बरौनी येथे १९५३ साली केदारनाथ सिंह यांनी सत्ताधारी पक्षाविरुद्ध आणि गुप्त पोलिसांविरुद्ध शिवराळ भाषण केले होते. मुख्य न्यायमूर्ती सिन्हा यांच्या घटनापीठाने कलम कायम ठेवले, परंतु त्याचा अर्थ संकुचित केला : हिंसेला चिथावणी, किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याचा हेतू अथवा कल असल्याशिवाय गुन्हा होत नाही. ग्वायर यांचे मत असे वीस वर्षांनी परत आले. गंमत अशी की, या उदार अर्थाचा लाभ खुद्द केदारनाथ यांना झाला नाही. त्यांचे अपील फेटाळले गेले. कलम वाचले, आरोपी वाचला नाही.

या निकालाची स्तुती पुष्कळ झाली, आणि ती रास्तही आहे. तथापि वकिली करणाऱ्यास त्याची उणी बाजू रोज दिसते. संकुचित अर्थ लिहिला आहे कायद्याच्या वृत्तांतग्रंथात, आणि पोलिस ठाण्यातील फौजदाराच्या मेजावर असते ते कलमाचे मूळ शब्द. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुन्हा दखलपात्र केला. म्हणजे वॉरंटावाचून अटक होऊ लागली. इंग्रजाच्या राज्यात पोलिसांना ही मुभा नव्हती. मग आरोपी शेवटी सुटतो, पण तोवर जामीन, तारखा, प्रवास आणि वकिलाचे शुल्क यांत त्याची शिक्षा भोगून झालेली असते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या घोषणा दिल्याने राजद्रोह होत नाही असे सांगितले. परंतु घोषणा १९८४ सालच्या होत्या. अकरा वर्षे ही कोणत्याही घोषणेला मोठी किंमत आहे.

आणीबाणीत तर गोव्याने सोसलेली पूर्वतपासणी १९७५ साली साऱ्या देशावर आली. तिच्या काळोखात मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाच्या प्रकरणी न्यायमूर्ती मादन यांनी १९७६ मध्ये सेन्सॉरचे हुकूम रद्द केले, ही मुंबई हायकोर्टाच्या इतिहासातील अभिमानाची नोंद आहे. पुढे २०१२ साली मुंबईत एका व्यंगचित्रकाराला याच कलमाखाली अटक झाली. २०१५ साली हायकोर्टाने पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचना मान्य केल्या. त्या कळविण्यासाठी शासनाने मराठीत परिपत्रक काढले, आणि लोकप्रतिनिधी व सरकारी नोकर यांच्यावरील टीकाही राजद्रोहात ओढली जाईल अशी त्याची शब्दयोजना असल्याने मोठा वाद होऊन ते मागे घ्यावे लागले. १९०८ साली मराठीचे इंग्रजी करताना जो प्रश्न उभा राहिला, तोच १०७ वर्षांनी इंग्रजीचे मराठी करताना उभा राहिला.

आजची स्थिती

इंग्लंडने राजद्रोहाचा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. आपल्याकडे ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ चा वापर स्थगित ठेवण्यास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्यात 'अप्रीती' हा शब्द नाही. सरकार या संस्थेविषयीच्या प्रेमाची मागणीही नाही. 'राजद्रोह' या मराठी शब्दातील राजा १९५० सालीच गेला होता. आता त्याच्या नावाने असलेले कलमही गेले. हे चांगलेच झाले.

परंतु त्या जागी आलेले कलम १५२ वकिलाने सावकाश वाचावे. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांना धोका पोहोचविणारे शब्द त्यात गुन्हा आहेत. फुटून निघण्यास, सशस्त्र बंडास किंवा विध्वंसक कारवायांस चिथावणी देणे, येथपर्यंत रेघ कृत्यावर आहे, आणि तेथे तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण पुढे फुटीर कारवायांच्या 'भावनांना' उत्तेजन देणे हेही त्यात घातले आहे. १८७० साली पुढच्या दाराने आलेली भावना २०२४ साली मागच्या दाराने परत आली. शिक्षा जन्मठेपेपर्यंत, किंवा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कलमात जन्मठेपेस पर्याय तीन वर्षांचा होता.

या भावनेचा अर्थ कोणता, हे आता नव्याने ठरावयाचे आहे. ठरविणाऱ्यांपुढे दीडशे वर्षांचे साहित्य तयार आहे. स्ट्रेची यांचा मार्ग घेतला तर प्रांतरचनेविषयी, भाषेविषयी किंवा एखाद्या राज्याच्या अन्यायाविषयी त्वेषाने बोलणारा कोणीही त्यात सापडेल. आणि आपल्या सीमाभागात अशा विषयांवर थंडपणे बोलणारा माणूस शोधावा लागतो. ग्वायर आणि सिन्हा यांचा मार्ग घेतला तर विचारावयाचा प्रश्न एकच राहील : या शब्दांतून कोणते कृत्य, कोठे, केव्हा उद्भवणार होते? बॅचलर आणि शाह यांची सूचना त्याला जोडावी : भाषण सबंध वाचा. आणि टिळकांचीही एक सूचना आहे : ते ज्या भाषेत केले त्या भाषेत वाचा. कोकणीतील किंवा मराठीतील शिवी, शाप आणि उपहास यांची धार त्या भाषेच्या माणसालाच नेमकी कळते. तालुक्याच्या कोर्टात ज्या दिवशी कलम १५२ खालचा आरोपी उभा राहील, त्या दिवशी त्याच्या वकिलाने भाषांतराची प्रत बाजूला सारून मूळ शब्द मागावेत, आणि मॅजिस्ट्रेटने ते मोठ्याने वाचवून घ्यावेत. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.